भुलीवरचा आळ

सत्तरी ओलांडलेल्या माणसाचं कर्करोगाचं मोठं ऑपरेशन होतं. चौथा दिवस उजाडला तरी तो नातवाला ओळखत नाही, रात्रभर जागून सलाइनची नळी ओढतो, नाहीतर नुसता छताकडे बघत पडून राहतो. अशा वेळी नातेवाइकांमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘भूल अजून उतरली नाही.’ वाक्य धीर देणारं आहे, आणि तिथेच त्याचा धोका आहे. भूल उतरायची राहिलीय असं एकदा ठरलं, की वाट बघण्यापलीकडे काही करायचं उरत नाही. खरं तर चौथ्या दिवसापर्यंत भूल केव्हाच उतरून गेलेली असते. जे चाललेलं असतं त्याची कारणं वेगळी असतात. त्यातली बरीचशी शोधली तर सापडतात आणि काहींवर तिथल्या तिथे इलाजही होतो.

आधी औषधांचा हिशेब बघू. आजच्या पूर्ण भुलीत सेव्होफ्लुरेन, डेसफ्लुरेन यांसारख्या वाफा श्वासातून देतात आणि त्या बहुतांशी श्वासावाटेच बाहेर पडतात. वाफ बंद केल्यावर तरुण माणूस काही मिनिटांत डोळे उघडतो, म्हाताऱ्या माणसाला जरा जास्त वेळ लागतो. चाळिशीनंतर दर दहा वर्षांनी या वाफांची गरज साधारण 6 टक्क्यांनी घटते, म्हणजे ऐंशीच्या माणसाला चाळिशीतल्या माणसापेक्षा पाचवा हिस्सा तरी कमी पुरतो. सोबत दिलेली झोपेची आणि वेदनाशामक औषधं, स्नायू सैल करणारी औषधं हीसुद्धा थकलेल्या यकृता-मूत्रपिंडातून सावकाश निघतात. त्यामुळे पहिली रात्र गुंगीत गेली तर त्यात नवल नाही. तिथपर्यंत भुलीला बोल लावणं रास्त आहे. त्यानंतरचे दिवस मात्र तिच्या खात्यावर टाकताना पुरावा मागायला हवा.

हा आळ जुना आहे. 1955 साली बेडफर्ड या ब्रिटिश डॉक्टरांनी ‘द लॅन्सेट’मध्ये वृद्धांच्या मेंदूवर भुलीचे वाईट परिणाम होतात असं मांडलं आणि ती भीती पुढच्या पिढ्यांमध्ये मुरली. मोजून पाहण्याचा मोठा प्रयत्न 1998 साली प्रसिद्ध झाला. साठीच्या पुढच्या 1218 जणांची स्मरणशक्ती आणि एकाग्रता मोठ्या ऑपरेशनच्या आधी आणि नंतर तपासली गेली. आठवड्याने 25.8 टक्के लोकांमध्ये घसरण दिसली, तीन महिन्यांनी 9.9 टक्क्यांमध्ये. ऑपरेशन न झालेल्या त्याच वयाच्या लोकांमध्ये हे आकडे 3.4 आणि 2.8 टक्के होते. म्हणजे घसरण खरी होती, नातेवाइकांच्या मनाचे खेळ नव्हते. ऑपरेशनच्या वेळी रक्तदाब किंवा ऑक्सिजन कमी पडल्याने हे होत असावं, हा तेव्हाचा लाडका अंदाज होता. त्याला या अभ्यासात आधार मिळाला नाही. पुढे यातल्याच काही रुग्णांना एक-दोन वर्षांनी तपासलं, तेव्हा ऑपरेशन झालेले आणि न झालेले यांच्या प्रमाणात जवळपास फरक उरला नव्हता. बहुतेकांची गाडी रुळावर येते, पण तिला आठवडे आणि महिने लागतात.

यावर हटकून येणारा प्रश्न असा, की मग पूर्ण भूल टाळून कमरेखालचा भाग बधिर करून ऑपरेशन करावं, म्हणजे मेंदूला धक्काच नको. ऐकायला पटतं. खुब्याचं हाड मोडलेल्या वृद्धांवर याची नीट परीक्षा झाली. 2021 साली अमेरिका आणि कॅनडातल्या 1600 रुग्णांच्या अभ्यासात भ्रमाचं, म्हणजे सुरुवातीला वर्णन केलं तसं भान सुटण्याचं, प्रमाण मणक्यातल्या इंजेक्शनवाल्यांमध्ये 20.5 टक्के निघालं, पूर्ण भूलवाल्यांमध्ये 19.7. चीनमधल्या 950 रुग्णांच्या अभ्यासातही फरक दिसला नाही. (जबड्याचं किंवा अन्ननलिकेचं ऑपरेशन तसंही नुसत्या मणक्यातल्या इंजेक्शनवर होत नाही, तेव्हा कर्करुग्णापुढे हा पर्याय बहुधा नसतोच.) भूल जरा हलकी ठेवली तर, या प्रश्नाचं उत्तर मात्र इतकं सरळ नाही. मेंदूच्या लहरी बघत भुलीची मात्रा कमी ठेवणाऱ्या 2019 च्या एका मोठ्या चाचणीत काहीच लाभ झाला नाही, तर 2021 च्या दुसऱ्या चाचणीत हलक्या भुलीत 19 टक्के आणि गाढ भुलीत 28 टक्के रुग्णांना भ्रम झाला. भूलतज्ज्ञाच्या हाताला काहीच महत्त्व नाही असा दावा त्यामुळे कुणी करू नये. पण हलक्या भुलीनंतरही पाचात एकाला भ्रम होतो, हे तेच आकडे सांगतात.

मग मोठा वाटा कशाचा? ऑपरेशन ही शरीराच्या लेखी मोठी जखम असते. तिच्यामुळे अंगभर दाह उसळतो आणि वय झालेल्या मेंदूला त्याची झळ लवकर लागते. कर्करुग्णाची तर सुरुवातच मागच्या रांगेतून होते. वजन उतरलेलं, रक्त कमी, कधी आधी केमोथेरपी झालेली, कधी महिनोन्‌महिने दुखणं सोसून झोप उडालेली. त्यात जंतुसंसर्ग, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, घसरलेलं सोडियम यांपैकी एकाची भर पडली तरी पुरते. आपल्याकडे तंबाखू, मिश्री, गुटख्यामुळे तोंडाचे कर्करोग अमाप. त्या रुग्णाचा जबडा काढलेला असतो, श्वासासाठी गळ्यात नळी असते, बोलता येत नाही. तो हात झाडतो तेव्हा भ्रम झालाय की लघवीची नळी अडकून पोट फुगलंय, हे त्याला विचारल्याशिवाय कसं कळणार? पाटी-पेन्सिल किंवा चित्रांचा तक्ता उशाशी असला तर ते विचारता येतं. आणखी एक गोष्ट घरचे लाजेखातर लपवतात. रोज दारू घेणाऱ्या माणसाची दारू दाखल झाल्यावर एकदम तुटते आणि दोन-तीन दिवसांत हातापायांना कंप, भास, बडबड सुरू होते. वर्षानुवर्षं रात्री घेतलेली झोपेची गोळी अचानक बंद झाली तरी असंच होऊ शकतं. याचा इलाज वेगळा आहे, आणि तो आधी खरं सांगितलं तरच वेळेवर होतो.

आरडाओरडा करणाऱ्याकडे निदान लक्ष तरी जातं. भ्रमाचा गप्प प्रकार जास्त निसटतो. ‘शांत झोपलेत’ म्हणून सगळे खूश असतात आणि रुग्णाचं भान हळूहळू सुटत असतं. ओळखायची एक साधी रीत आहे. आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगावेत. रविवार, शनिवार, शुक्रवार इथवर येऊन माणूस हरवला, पुन्हा रविवारवर गेला किंवा मध्येच डोळे मिटले, आणि काल त्याला हेच जमत होतं, तर ती डॉक्टरांना लगेच सांगायची बाब आहे.

प्रतिबंधाचा सर्वांत भक्कम पुरावा औषधांच्या दुकानाबाहेरचा आहे. 1999 साली शॅरन इनोय यांनी अमेरिकेत सत्तरीपुढच्या 852 दाखल रुग्णांवर एक कार्यक्रम राबवून पाहिला. रुग्णाला चष्मा आणि कानाचं मशीन परत द्यायचं, दिवस-तारीख सांगत राहायची, उठवून चालवायचं, पाणी पाजायचं, रात्री औषधाऐवजी शांतता द्यायची. भ्रमाचं प्रमाण 15 वरून 9.9 टक्क्यांवर आलं. ते रुग्ण ऑपरेशनचे नव्हते, हा आक्षेप योग्य आहे. पण खुब्याचं ऑपरेशन झालेल्यांमध्येही वृद्धांच्या तज्ज्ञाला सुरुवातीपासून सोबत घेतल्यावर हे प्रमाण 50 वरून 32 टक्क्यांवर आल्याचं 2001 साली दिसलं. आपल्या गर्दीच्या रुग्णालयांत हे कोण करणार, हा आक्षेप त्याहून खरा. एकेका नर्सकडे इतके रुग्ण असताना वारांची उजळणी घ्यायला तिला सवड नसते. पण आपल्याकडे खाटेशेजारी घरचं माणूस असतं, आणि वर सांगितलेल्यातलं बरंच काही त्याला जमतं. चष्मा मात्र त्याच्याच पिशवीत राहून गेलेला असतो. आयसीयूतही भेटीच्या दहा मिनिटांत घोळक्याने आत शिरण्यापेक्षा ओळखीचं एकच माणूस चष्मा घेऊन गेलं आणि आज गुरुवार आहे, ऑपरेशन झालंय, एवढं सांगून आलं तर ती भेट कारणी लागते.

इतकं असताना म्हाताऱ्या माणसाचं ऑपरेशन करावंच का, असं काही घरांत विचारलं जातं. नुसतं वय पाहून ठरवू नये, माणूस किती कणखर आहे ते मोजावं, हे आता वृद्ध कर्करुग्णांवर उपचार करणारे मानतात. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात त्यासाठी वेगळी ओपीडी आहे. गाठ महिनोन्‌महिने थांबत नाही, पण ऑपरेशनआधी मिळणाऱ्या दोन-तीन आठवड्यांत चालणं, प्रथिनं, रक्त वाढवणं आणि स्मरणशक्तीची एक चाचणी एवढं उरकता येतं. त्या चाचणीचा आकडा नंतर कामाला येतो, कारण ‘आधी ठणठणीत होते’ यावर कुणालाच काही मोजता येत नाही. तोंडाच्या कर्करोगात रेडिएशन लागणार असेल तर ते ऑपरेशननंतर साधारण सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावं लागतं, म्हणून सावरण्याला उशीर झाला की पुढच्या उपचारांचं वेळापत्रकही बिघडतं. घरी आल्यावर पहिले काही आठवडे बँकेच्या कागदांवर सह्या आणि औषधांच्या वेळा रुग्णावर एकट्यावर सोपवू नयेत. पहिल्या तीस दिवसांतल्या मंदपणाला डॉक्टर अजून ‘सावरण्यातला उशीर’ म्हणतात. तीन महिन्यांनंतरही पैशांचा हिशेब किंवा गोळ्यांचा डबा सांभाळता येत नसेल, तर ती जुनी चाचणी काढून मेंदूविकारतज्ज्ञांकडे पुन्हा तपासणी करून घ्यावी.