नागपूरचे पंडित, न्यूयॉर्कची बँक

१७ एप्रिल २०१२ रोजी अमेरिकेत डॅलसला सिटीग्रुपची वार्षिक सभा भरली. जगातल्या सर्वांत मोठ्या बँकांपैकी एक असलेल्या या कंपनीचे मुख्य कार्यकारी अधिकारी विक्रम पंडित यांचा आधीच्या वर्षाचा मेहनताना होता सुमारे दीड कोटी डॉलर. त्याला आणि इतर वरिष्ठांच्या मेहनतान्याला मंजुरी द्यायची की नाही, यावर भागधारकांनी मत दिले आणि ५५ टक्के मते विरोधात गेली. मैंदर्गी-अक्कलकोटकडच्या एखाद्या पतसंस्थेत लाभांश थकला की सभासद सभेत माइक हिसकावून घेतात, त्यातलाच हा प्रकार. फरक फक्त आकड्यामागच्या शून्यांचा. मत केवळ सल्लावजा होते, पण एवढ्या मोठ्या अमेरिकन बँकेत असे पूर्वी घडले नव्हते. त्याच सभेत बँकेला मायकेल ओ'नील हे नवे अध्यक्षही मिळाले. हे नाव लक्षात ठेवायला हवे.

विक्रम पंडित यांचा जन्म १४ जानेवारी १९५७ रोजी नागपूरच्या मराठी घरात झाला. शाळा मुंबईत दादरला. सोळाव्या वर्षी अमेरिका गाठली. कोलंबिया विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकीच्या पदव्या घेतल्या, मग एमबीए आणि १९८६ मध्ये वित्तशास्त्रात पीएचडी. काही काळ इंडियाना विद्यापीठात शिकवलेही. बोलणे हळू, बेताचे. वॉल स्ट्रीटवरच्या आरडाओरड करणाऱ्या मंडळींत हा गृहस्थ प्राध्यापकच वाटायचा, आणि थोडासा तो होताच.

१९८३ मध्ये ते मॉर्गन स्टॅन्लीत लागले. पुढची बावीस वर्षे तिथेच चढत गेले. २००० पर्यंत गुंतवणूक बँकिंग आणि शेअर-रोख्यांच्या व्यवसायाची सूत्रे त्यांच्या हाती आली होती. २००५ मध्ये वरिष्ठ पातळीवरच्या धुसफुशीत ते बाहेर पडले. सहकारी जॉन हेवन्स यांच्यासह त्यांनी ‘ओल्ड लेन’ हा हेज फंड काढला आणि २००७ मध्ये सिटीग्रुपने तो सुमारे ८० कोटी डॉलरना विकत घेतला. पंडितांच्या वाट्याला त्यातले साडेसोळा कोटी आले. फंड मात्र वर्षभरात गुंडाळावा लागला. टीकाकारांनी ही गोष्ट पुढे कधीच विसरू दिली नाही, आणि त्यात त्यांचे फारसे चुकलेही नाही.

तोवर घर पेटले होते. परतफेडीची ऐपत नसलेल्यांना वाटलेली गृहकर्जे एकत्र बांधून, त्यांचे रोखे करून विकायचे, हा धंदा सगळ्याच बँकांनी केला. सिटीने तो फार मोठ्या प्रमाणावर केला आणि पुष्कळसा माल स्वतःच्याच कोठारात ठेवला. नोव्हेंबर २००७ मध्ये चार्ल्स प्रिन्स यांना जावे लागले. ते अध्यक्षही होते आणि मुख्य कार्यकारीही. त्यांच्या जागी दोन माणसे आली: ११ डिसेंबरला मुख्य कार्यकारीपदी पंडित आणि अध्यक्षपदी विन बिशॉफ.

हा फरक आपल्याकडच्या वाचकालाही कळायला हवा. मुख्य कार्यकारी रोजचा कारभार हाकतो. अध्यक्ष संचालक मंडळाचा प्रमुख असतो आणि मंडळ मुख्य कार्यकाऱ्याला जाब विचारू शकते, घरीही पाठवू शकते. दोन्ही खुर्च्यांवर एकच माणूस बसला तर जाब विचारायचा कोणी कोणाला? आपल्या सरकारी बँकांतही कित्येक वर्षे अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक एकच असायचा. ती पदे २०१४-१५ मध्ये वेगळी झाली. स्टेट बँक त्याला अपवाद राहिली.

पंडितांनी खुर्चीत बसताच ताळेबंदाबाहेर ठेवलेली ४९ अब्ज डॉलरची मालमत्ता बँकेच्या पुस्तकात आणली. पण पडझड थांबेना. २००८ च्या शरद ऋतूत सरकारने आधी २५ आणि मग आणखी २० अब्ज डॉलर ओतले, शिवाय सुमारे ३०६ अब्जांच्या मालमत्तेवरच्या नुकसानीची हमी घेतली. त्या वर्षी तोटा झाला २७ अब्जांहून अधिक. मार्च २००९ मध्ये सिटीचा शेअर एका डॉलरच्याही खाली गेला. पुढे सरकार बँकेच्या सुमारे एक तृतीयांश हिश्श्याचे मालक झाले.

त्याआधी फेब्रुवारीत पंडितांनी अमेरिकी संसदेच्या समितीपुढे सांगितले होते, की बँक नफ्यात येईपर्यंत आपण वर्षाला एकच डॉलर पगार घेऊ. प्रसिद्धी त्यालाच मिळाली. खरे काम मात्र रुक्ष होते. त्यांनी बँकेचे दोन भाग पाडले: ठेवायचे ते सिटीकॉर्प, विकायचे ते सिटी होल्डिंग्ज. दलाली व्यवसायातला मोठा वाटा गेला, विमा गेला, लाखाहून अधिक माणसे कमी झाली. भारतातल्या एचडीएफसीमधला हिस्साही फेब्रुवारी २०१२ मध्ये विकला. २०१० मध्ये बँकेला १० अब्जांहून अधिक नफा झाला आणि वर्षअखेरीस सरकारने आपले उरलेले शेअर विकले. करदात्यांना एकूण सुमारे १२ अब्ज डॉलरचा फायदा झाला.

मग भागधारक का चिडले? कारण त्यांच्या हाती काहीच आले नव्हते. पंडितांच्या पाच वर्षांत शेअरची किंमत सुमारे ९० टक्क्यांनी घसरली. २०११ मध्ये दहा शेअरचा एक शेअर केला, म्हणून भाव तेवढा चारचौघांत दिसण्याजोगा झाला. मार्च २०१२ मध्ये लाभांश वाढवण्याची बँकेची योजना फेडरल रिझर्व्ह या अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने फेटाळली. अमेरिकेच्या ठेव विमा महामंडळाच्या प्रमुख राहिलेल्या शीला बेअर यांनी तर पंडितांना व्यापारी बँकिंगचा अनुभवच नव्हता, असे आपल्या पुस्तकात लिहिले. आक्षेप खरा होता, पण अनुभवी मंडळींनीच बँक त्या खड्ड्यात नेली होती, हेही तितकेच खरे.

१५ ऑक्टोबर २०१२ रोजी बँकेने अपेक्षेपेक्षा बरे तिमाही निकाल जाहीर केले. दुसऱ्याच दिवशी पंडितांचा राजीनामा आला. निर्णय आपलाच असल्याचे ते म्हणाले. अमेरिकन वृत्तपत्रांनी मात्र ओ'नील यांनी महिनोन् महिने संचालकांना तयार केल्याचे छापले. खुर्ची मायकेल कॉर्बेट यांच्याकडे गेली.

पंडितांनी पुढे भारतात जेएम फायनान्शियलसोबत कर्जव्यवसायात पैसा घातला. २०१६ मध्ये त्यांनी वित्तसेवा कंपन्यांत गुंतवणूक करणारा ‘ओरोजेन ग्रुप’ स्थापन केला. तिथे अध्यक्ष आणि मुख्य कार्यकारी अधिकारी ही दोन्ही पदे त्यांनी स्वतःकडेच ठेवली.