पहिली काच बरी, की दुसरी?

परशुराम कृष्ण गोडे हे नाव आज अभ्यासकांच्या बाहेर फारसं कुणाला ठाऊक नाही. देवरूखला जन्मलेले गोडे १९१९ पासून पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेत होते. राजे आणि लढाया यांच्यापेक्षा नथ, तंबाखू, चष्मा असल्या रोजच्या वस्तूंचा माग काढण्यात त्यांनी हयात घालवली. त्यांचा चष्म्यावरचा लेख हाती लागला, तेव्हापासून हा विषय माझ्या मानगुटीवर बसला आहे.

गोडे यांनी पुढे आणलेला पुरावा आहे सोमनाथ कवीच्या ‘व्यासयोगिचरित’ या संस्कृत ग्रंथातला. विजयनगरच्या दरबारी मान असलेले माध्व आचार्य व्यासतीर्थ चष्मा लावून पोथी वाचतात, असा त्यात उल्लेख येतो. काळ साधारण १५२० चा, म्हणजे आचार्य साठीच्या घरात. पुढे १९७१ मध्ये ऋषी अगरवाल यांनी ‘ब्रिटिश जर्नल ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजी’त याच व्यासतीर्थांचा दाखला दिला आणि भिंगं अरबांमार्फत इकडूनच युरोपात गेली असावीत, असा तर्क लढवला. मला तो मुळीच पटत नाही. जोर्दानो नावाचा पिसाचा धर्मोपदेशक १३०६ साली प्रवचनात सांगतो, की चष्मे करण्याची कला निघून अजून वीस वर्षंही झालेली नाहीत. व्यासतीर्थांच्या दोनशे वर्षं आधीची ही गोष्ट. उलट १५१० साली गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात गेलं होतं आणि घोड्यांच्या व्यापारामुळे विजयनगरशी त्यांची ये-जा होती. चष्मा त्याच वाटेने आला असणार. अभिमानापायी तारखा वाकवण्यात काय हशील?

या वादापेक्षा मला वेगळाच प्रश्न छळतो. आचार्यांचा नंबर काढला कुणी? कुणीच नाही. ज्या काचेतून अक्षर दिसलं ती आपली, एवढाच तेव्हाचा नियम. वाचून दाखवायचा तक्ता आला तो १८६२ साली, हॉलंडमधल्या युट्रेक्टच्या हर्मन स्नेलेन यांचा. दोनच वर्षांनी त्याच गावच्या डॉन्डर्स यांनी दृष्टिदोषांची शास्त्रशुद्ध मांडणी केली. चष्मा सातशे वर्षांचा आणि नंबर काढण्याचं शास्त्र जेमतेम एकशे साठ वर्षांचं.

आमच्या कळमनुरीच्या बाजारात ती जुनी रीत अजून जिवंत आहे. हातगाडीवर चाळिशीचे तयार चष्मे मांडलेले असतात. मावशी एकेक नाकावर चढवून बघतात आणि सुई ओवता आली की पैसे मोजून चालू लागतात. मी याला हसणार नाही. आसामच्या चहामळ्यांत चाळिशी उलटलेल्या ७५१ मजुरांवर केलेला अभ्यास २०१८ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ने छापला. जवळचा साधा चष्मा मिळालेल्यांचं काम इतरांच्या मानाने जवळपास २२ टक्क्यांनी जास्त वाढलं. आमच्याकडे कापूस वेचणाऱ्या आणि हळद निवडणाऱ्या हातांनाही हे लागू आहे.

फसगत होते ती पुढे. नीट दिसायला लागलं म्हणजे डोळा निरोगी, असं आपण धरून चालतो. काचबिंदू बहुतेकदा दुखत नाही. तो कडेची नजर खात जातो आणि तक्त्यावरची शेवटची ओळ बराच काळ वाचता येते. रक्तातल्या साखरेने डोळ्याच्या आतल्या पडद्यावर झालेली इजाही सुरुवातीला कळत नाही. चष्मा माणूस स्वतः निवडू शकेल, हे आजार त्याला स्वतःला दिसणार नाहीत.

म्हणून तपासणारा कोण, हे आधी विचारावं. दुकानात काच बसवून देणारा वेगळा, ऑप्टोमेट्रिस्ट वेगळा आणि औषध-शस्त्रक्रिया करणारा नेत्रतज्ज्ञ डॉक्टर वेगळा. ऑप्टोमेट्रीची पदवी चार वर्षांची आहे आणि २०२१ च्या केंद्रीय कायद्यात या व्यवसायाची नोंद आहे. शिक्षण विचारलं तर खऱ्या जाणकाराला राग येत नाही. अचानक नजर गेली, डोळ्यांपुढे पडदा आला, विजा चमकल्यासारखं झालं, तर मात्र चष्म्याच्या दुकानाची पायरी चढू नका. थेट डोळ्यांचा डॉक्टर गाठा, नांदेडला जावं लागलं तरी त्याच दिवशी.

‘कॉम्प्युटरवर डोळे तपासून मिळतील’ ही पाटी गावोगाव दिसते. हनुवटी टेकवली की आत लांब रस्ता आणि टोकाला रंगीत फुगा दिसतो, मशीन कागदावर आकडे काढून देतं. तो निव्वळ अंदाज असतो, आणि लहान मुलांच्या बाबतीत तो बऱ्याचदा उणे बाजूला झुकतो. खरी तपासणी त्यानंतरची: जड ट्रायल फ्रेम नाकावर, काचा बदलत विचारलेलं ‘पहिली बरी, की दुसरी?’ दोन्ही सारख्या वाटल्या तर तसंच सांगावं. परीक्षेत पास व्हायचं असल्यासारखी माणसं अंदाजाने अक्षरं सांगतात आणि चुकीचा नंबर घेऊन घरी जातात.

जाताना जुना चष्मा, जुना कागद आणि चालू गोळ्या सोबत घ्या. साखर फार वाढलेली असेल तर डोळ्यातलं भिंग फुगतं आणि नंबर बदलतो. तो चष्मा साखर उतरल्यावर निकामी ठरतो, म्हणून काही आठवडे थांबलेलं बरं. निघताना नंबरचा कागद मागून घ्या. त्यावर दोन्ही डोळ्यांचे आकडे, तिरकस नंबराचा अक्ष, जवळचा नंबर आणि चष्मा लावून ६/६ दिसतं की नाही, हे लिहिलेलं हवं. सहा मीटरवरून निरोगी डोळ्याला जे दिसतं ते तुम्हालाही दिसतं, एवढाच ६/६ चा अर्थ. तो कागद तुमचा आहे. चष्मा तिथेच करायची सक्ती नाही.

आणि चाळिशी ओलांडली असेल, साखर असेल किंवा घरात कुणाला काचबिंदू असेल, तर थेंब टाकून डोळ्याचा पडदा आणि डोळ्याचा दाब नेत्रतज्ज्ञाकडून तपासून घ्याच. थेंबांनी चार-सहा तास धूसर दिसतं आणि ऊन सहन होत नाही. त्या दिवशी मोटारसायकल घरी ठेवा, एसटीने जा आणि सोबत घरातलं कुणीतरी न्या.