एका तिकिटात जयपूर

जयपुरातील सरकारी वास्तूंसाठी एक संयुक्त तिकीट मिळते. आमेरचा किल्ला, नाहरगड, हवामहल, जंतरमंतर, अल्बर्ट हॉल संग्रहालय, ईसरलाट आणि शहराबाहेरच्या सिसोदिया राणी बाग व विद्याधर बाग ही ठिकाणे त्यात येतात. मुदत दोन दिवस, प्रत्येक ठिकाणी प्रवेश एकदाच. सिटी पॅलेस आणि जयगड मात्र पूर्वीच्या राजघराण्याकडे असल्याने त्यांचे तिकीट वेगळे. आमेरची रात्रीची फेरी, वाटाड्या आणि हत्तीची सवारी यांचाही खर्च निराळा.

सुट्या तिकिटांत आमेरचे सर्वांत महाग. तरीही आमेर, हवामहल आणि जंतरमंतर एवढेच पाहून परतणाऱ्याने संयुक्त तिकीट घेऊ नये, सुटी तिकिटेच परवडतात. दर बदलत असल्याने खिडकीवरचा फलक वाचून बेरीज करणे उत्तम. पाच-सहा ठिकाणे होणार असतील तरच बचत हाती लागते. त्यासाठी पहिली सकाळ आमेरला, नंतर नाहरगड आणि आग्रा रस्त्यावरच्या दोन्ही बागा. दुसरा दिवस तटबंदीच्या आतल्या शहराला आणि अल्बर्ट हॉलला, असा क्रम सोयीचा. सर्व काही एकाच दिवसात उरकणाऱ्यांचे पैसे वाचतात, पण पाहणे वाया जाते.

याचा सर्वाधिक फटका जंतरमंतरला बसतो. बहुतेक पर्यटक तिथे अर्ध्या तासात छायाचित्रे काढून निघतात. सवाई जयसिंहाने १७२७ साली जयपूर वसवले आणि पुढच्या काही वर्षांत ही वेधशाळा उभारली. दिल्ली, उज्जैन, वाराणसी आणि मथुरा येथेही त्याने वेधशाळा बांधल्या; त्यांपैकी मथुरेची आज उरलेली नाही. पितळी यंत्रे लहान, त्यांचे सांधे झिजतात आणि वेध चुकतो, म्हणून त्याने दगड-चुन्याची अवाढव्य यंत्रे पसंत केली. सम्राट यंत्र या सूर्यघड्याळाची त्रिकोणी भिंत सुमारे २७ मीटर उंच आहे. तिची तिरपी कड २७ अंशांचा कोन करते, कारण जयपूरचे अक्षांशही तेवढेच. त्यामुळे ती पृथ्वीच्या अक्षाला समांतर राहून ध्रुवाकडे रोखलेली असते. दोन्ही बाजूंच्या कमानदार पट्ट्यांवरून सावली सेकंदाला साधारण एक मिलिमीटर सरकते. नुसत्या डोळ्यांना ती हलताना दिसते, आणि हे पाहायला उन्हात दहा मिनिटे उभे राहावेच. सूर्य बिंदू नसून बिंब असल्याने सावलीची कड मात्र धूसर असते.

यंत्रावरची वेळ मनगटी घड्याळाशी जुळत नाही म्हणून ते बिघडले असे समजणारे पुष्कळ. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची, जयपूर त्याच्या पश्चिमेला. म्हणून स्थानिक वेळ सरासरी २७ मिनिटे मागे. सूर्याची चाल वर्षभर सारखी नसल्याने हा फरकही बदलतो: फेब्रुवारीच्या मध्यास सुमारे ४१ मिनिटे, तर नोव्हेंबरच्या आरंभी, दिवाळीच्या आसपास, जेमतेम ११. जयप्रकाश यंत्राचे संगमरवरी वाडगे, बारा राशींसाठी बारा यंत्रे असलेले राशिवलय यांनाही असाच वेळ द्यावा लागतो. ढगाळ दिवशी इथे येऊन उपयोग नाही. तिकिटाला दोन दिवस असल्याने ऊन पाहून दिवस निवडता येतो.

जंतरमंतरपासून चालत जाण्यासारख्या ईसरलाटेला, म्हणजेच सरगासूलीला, एरवी कोणी वेगळे तिकीट काढून जाईलच असे नाही. मराठी वाचकाने तरी ती टाळू नये. जयसिंहाचा मुलगा ईश्वरीसिंह याने १७४७ सालच्या राजमहालच्या लढाईतील विजयानिमित्त हा मनोरा बांधला. त्या लढाईनंतर तीनच वर्षांनी, मल्हारराव होळकरांची फौज खंडणीसाठी जयपुरावर चालून येताच, त्याने विष घेऊन जीव दिला. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १७५१ मध्ये, शहरात आलेल्या मराठ्यांची जयपूरकरांनी कत्तल केली.

हवामहलाची शोभा रस्त्यावरून फुकट दिसते. तिकीट लागते ते मागच्या बाजूने आत शिरून वर चढायला. १८८७ साली खुल्या झालेल्या अल्बर्ट हॉलमध्ये इजिप्तची ममी आहे. बागा आटोपशीर आहेत. वेळ उरला तरच जावे.