अभिप्रायाचा तगादा

पंगतीत वाढणारा यजमान हाती पळी घेऊनच "आमटी कशी झाली आहे?" असे विचारतो. मीठ कमी असल्याचे कोणी म्हटले, तर लगेच मिठाचे भांडे पुढे येते. प्रश्न आणि उपाय यांत अंतर नसल्यामुळे या विचारण्याचा कोणालाही कंटाळा येत नाही. आधुनिक व्यापारी संस्थांनी हा प्रश्न उचलला. पळी मात्र मागेच राहिली. बँक, विमा, विमानप्रवास, भाड्याची मोटार, जेथे म्हणून मनुष्य पैसे मोजतो तेथे त्याच्यामागून एक प्रश्नावली चालत येते. या प्रकाराचा कळस पाहावयाचा असेल, तर टाइमशेअर नावाच्या व्यवसायाकडे वळावे.

ही कल्पना युरोपात १९६० नंतरच्या दशकात रुजली आणि भारतात १९८० नंतर आली. महाबळेश्वर, गोवा, मुन्नार, मनाली अशा ठिकाणच्या विश्रामधामातील खोली ग्राहक विकत घेत नाही. दरवर्षी काही दिवस, बहुधा एक आठवडा, तेथे राहण्याचा हक्क तो विकत घेतो. मुदत पुष्कळदा २५ वर्षांची असते. मोठी रक्कम आरंभीच, एकदम अथवा हप्त्यांनी, द्यावयाची असते. वार्षिक देखभाल शुल्क निराळे. जावो अथवा न जावो, ते भरावेच लागते. वर्षाचे आठवडे मागणीप्रमाणे हंगामांत वाटलेले असतात आणि हंगामांना रंगांची नावे देण्याची रीत आहे. तथापि सभासदाच्या पदरात पडते ती खोली नव्हे. खोली शिल्लक असल्यास ती मागण्याचा अधिकार, एवढेच पडते. पुष्कळांच्या हा भेद पैसे भरून झाल्यावर ध्यानात येतो.

समजा, इंदूरचे एक निवृत्त प्राध्यापक सपत्नीक चार दिवसांसाठी कोडाइकनालला गेले. खोलीचे आरक्षण होताच "आरक्षणाचा अनुभव कसा वाटला?" हा पहिला संदेश येतो. दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या वेळी एक तरुण अभिप्रायाची पाटी पुढे करतो. निघताना स्वागतकक्षात तिसरी प्रश्नावली, घरी पोहोचताच चौथी, तिला उत्तर न दिल्यास स्मरणपत्र आणि त्यानंतर दूरध्वनी. न्हाणीघरातील नळाबद्दल तक्रार नोंदविली असेल, तर तिचे निवारण समाधानकारक झाले काय असे विचारणारी आणखी एक. नळ अद्याप गळत असला, तरी ही प्रश्नावली वेळेवर येते!

प्राध्यापकांचे खरे गाऱ्हाणे मात्र वेगळेच आहे. सलग तीन वर्षे त्यांनी दिवाळीच्या सुट्टीतील आठवडा मागितला आणि तिन्ही वेळा "उपलब्ध नाही" असे उत्तर आले. या गाऱ्हाण्यासाठी प्रश्नावलीत रकाना नाही. टॉवेल स्वच्छ होते काय, कर्मचारी हसतमुख होते काय, हेच पुन्हा पुन्हा विचारले जाते. आणि बारकाईने पाहिले तर याहून मोठी गोम दिसते. मुक्काम संपला की प्रश्नावली सुटते, अशी ही योजना असते. ज्याला खोली मिळालीच नाही त्याचा मुक्काम घडत नाही. म्हणून त्याला कोणी काही विचारीतही नाही. सर्वांत असंतुष्ट सभासद अशा रीतीने मोजणीच्या बाहेर राहतो आणि उरलेल्यांच्या उत्तरांवरून समाधानाची टक्केवारी निघते.

संख्याशास्त्राला हा दोष जुना परिचयाचा आहे. १९३६ च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीपूर्वी 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने धाडल्या. तेवीस लाखांवर उत्तरे आली आणि त्यांवरून लँडन विजयी होणार असे भाकीत झाले. प्रत्यक्षात ४८ पैकी ४६ राज्ये रूझवेल्ट यांनी जिंकली. पत्रिका कोणाला पाठविल्या आणि कोणी उत्तरे दिली, या दोन्ही ठिकाणी तोल एका बाजूला गेला होता. लाखांचा ढीग तो सावरू शकला नाही. पुढे १९४६ मध्ये हॅन्सन आणि हरविट्झ या संख्याशास्त्रज्ञांनी अशा मौनावर एक उपाय मांडला. जे टपालाला उत्तर देत नाहीत त्यांच्यातील थोड्यांची निवड करावी आणि त्यांची समक्ष गाठ घ्यावी. एकदा बोललेल्या माणसालाच पाच वेळा बोलते करावे, असे त्यांनी कोठेही सुचविलेले नाही.

मग एवढा तगादा कशासाठी? त्याच्या मुळाशी एक अंक आहे. २००३ च्या डिसेंबरात 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मध्ये फ्रेड राइकेल्ड यांनी असे प्रतिपादन केले की, "आमची शिफारस आपण मित्राला अथवा सहकाऱ्याला कराल काय?" हा एकच प्रश्न पुरेसा आहे. उत्तर ० ते १० या अंकांत द्यावयाचे. ९ किंवा १० देणारे ते प्रवर्तक, ७ व ८ देणारे उदासीन, ० ते ६ देणारे सारे निंदक. प्रवर्तकांच्या टक्केवारीतून निंदकांची टक्केवारी वजा केली की 'नेट प्रमोटर स्कोअर' मिळतो. शंभरांपैकी ५० प्रवर्तक, ३० उदासीन व २० निंदक असतील, तर अंक ३०. या विभागणीत आपल्याकडील मनुष्याची मोठी पंचाईत होते. साठ टक्क्यांना प्रथम वर्ग मानणाऱ्या पिढीतील गृहस्थ प्रसन्न मनाने ६ गुण देतो आणि यंत्राच्या लेखी निंदक ठरतो.

हा अंक वरिष्ठांच्या टेबलावर जातो आणि कित्येक ठिकाणी बढती व बक्षिसे त्याला बांधली जातात. मग खोली आवरणारा मुलगा निघताना हळूच म्हणतो, "साहेब, दहाच द्या." त्याच्या पोटावर पाय कोण देणार? दहा दिले जातात. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलननीतीच्या संदर्भात दाखविले होते की, मापाचा उपयोग नियंत्रणासाठी होऊ लागला की त्या मापावरचा विश्वास ढासळतो. राइकेल्ड यांनीही २०२१ मध्ये त्याच नियतकालिकात आपल्या अंकाच्या दुरुपयोगाविषयी लिहिले. टाइमशेअरमध्ये तर शिफारशीचा प्रश्न अधिकच विचित्र ठरतो. उपाहारगृह आवडले नाही तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाते. २५ वर्षांचे पैसे भरून बसलेला सभासद कोठे जाणार? त्यातून "शिफारस करीन" असे म्हणावयाचा अवकाश, पुष्कळदा मित्रांची नावे व दूरध्वनी क्रमांक मागितले जातात. पाहणी येथे संपते आणि विक्री सुरू होते.

या सर्वांत सभासदाचे जे नुकसान होते ते वेळेपुरते असते, तर सोडून देता आले असते. पण दोन तारे दिले म्हणजे आपण तक्रार केली, अशी कित्येकांची समजूत होते. प्रश्नावली ही तक्रार नव्हे. तिला तक्रार क्रमांक मिळत नाही आणि तिला उत्तर देण्याचे बंधन कोणावर नसते. इकडे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत आयोगाकडे जावे लागते; उशिराला सबळ कारण असेल तरच सवलत मिळते. अभिप्राय भरण्यात ही दोन वर्षे सहज निघून जातात.

यास्तव खोली नाकारली गेली की त्याच दिवशी संस्थेला लेखी कळवावे. सभासद क्रमांक, मागितलेल्या तारखा व मिळालेले उत्तर त्यात नमूद करावे आणि नकाराचा मूळ संदेश जपून ठेवावा. दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक साहाय्यसेवेचा १९१५ हा क्रमांक आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. संस्थेचे कार्यालय चेन्नईला वा मुंबईला असो आणि विश्रामधाम कोडाइकनालला असो, २०१९ च्या कायद्यामुळे तक्रारदाराला तो स्वतः राहतो त्या जिल्ह्यातील आयोगापुढे तक्रार नेता येते. मोबदला म्हणून दिलेली रक्कम पाच लाख रुपयांपर्यंत असेल, तर त्यासाठी शुल्कही पडत नाही. इंदूरच्या प्राध्यापकांना त्यासाठी इंदूर सोडावे लागणार नाही.