घरी जोडलेला आवाज

गंगाखेडला आवाजाची वाण कधीच नव्हती. गोदावरीकाठचं हे जनाबाईंचं गाव. सप्ताह, कीर्तन, काकडा, गणपती, जयंत्या, लग्नसराई, वर्षभर काही ना काही चालूच. वाण होती ती आवाज मोठा करणाऱ्या यंत्राची. अहुजाचा तयार ॲम्प्लिफायर मंडप-लाऊडस्पीकरवाल्याकडे असायचा; घरात गाणी ऐकायला तसलं काही घ्यावं, अशी ऐपत फार थोड्यांची. मग ज्याचा हात सोल्डरिंगवर बसला होता, तो किट आणून स्वतःच जोडायचा.

किट आणायचं कुठून, हा पहिला प्रश्न. गंगाखेड परभणी-परळी लोहमार्गावर आहे आणि परळीहून तीच वाट विकाराबादमार्गे सिकंदराबादला जाते. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. राज्य बदललं तरी जाणं-येणं तुटलं नाही. म्हणून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपेक्षा किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीपेक्षा हैदराबादची कोटी आणि तिथली गुजराती गल्ली या भागाला जवळची वाटायची. कुणी दवाखान्यासाठी किंवा खरेदीला तिकडे निघालं की त्याच्या खिशात चिठ्ठी घालायची: एसी १८७ आणि एसी १८८ ट्रान्झिस्टरची जोडी, दोन-चार कंडेन्सर, एक व्हॉल्यूम कंट्रोल. एक भाग चुकीचा आला, तर पुढचा माणूस जाईपर्यंत काम अडून राहायचं.

हे ट्रान्झिस्टर जर्मेनियमचे. बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्स ते भारतातच बनवत असे. जर्मेनियमला उष्णता सोसत नाही. तापला की जास्त प्रवाह ओढतो, जास्त ओढला की आणखी तापतो आणि शेवटी जळतो. परभणी जिल्ह्यातल्या मे महिन्यात हे सांगायला पुस्तक लागत नसे.

१९८०च्या दशकात कॅसेट आली आणि घरगुती ॲम्प्लिफायरचे दिवस पालटले. प्रल्हाद शिंद्यांची भक्तिगीतं, भीमगीतं, लोकगीतं सगळं टेपवर मिळू लागलं, आणि टेपच्या इवल्या स्पीकरवर कुणाचं समाधान होईना. तोवर सगळं सर्किट एकाच आयसीत आलं होतं. टीबीए ८१० हा सुमारे ७ वॅटचा आयसी, मागोमाग टीडीए २०३०, मग सान्योचा एलए ४४४०. चौदा पायांचा एलए ४४४० दोन स्पीकरना प्रत्येकी ६ वॅट द्यायचा, आणि ब्रिज करून जोडला तर एकाला १९ वॅट. त्याच्या भोवती मूठभर कंडेन्सर, बाहेर १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, चार डायोड आणि ४७०० मायक्रोफॅरडचा मोठा फिल्टर कंडेन्सर. हा फिल्टर कमी पडला किंवा अर्थिंगची तार चुकीच्या जागी जोडली की गाण्याखाली ‘हुं’ असा आवाज सुरू. ती हम घालवण्यात जो शिकला, तो खरा शिकला.

आणि माठ! ६ इंची स्पीकर माठाच्या तोंडावर बसवायचा आणि कडेने कापडाच्या चिंध्या किंवा वॉशर लावून फटी बुजवायच्या. लाकडी खोका करायला सुतार आणि प्लायवूड लागतं. माठ कुंभाराकडे तयार मिळतो. शिवाय ही तोडगा म्हणून केलेली गोष्ट तत्त्वाला धरून आहे. स्पीकरच्या पाठीमागचा आवाज पुढच्या आवाजाला खोडतो, तो माठात कोंडला की खर्ज उठून येतो. पखवाज आणि ढोलकी भरून ऐकू यायची ती यामुळे. तेव्हा बाजारातल्या तयार डेकवर शेकडो वॅट ‘पीएमपीओ’ छापलेलं असे. त्या आकड्याला अर्थ नव्हता. माठावरच्या ६ वॅटला होता.

मग लोडशेडिंग आलं. २००५ नंतरची काही वर्षं महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाने दिवसातले कित्येक तास विजेविना काढले, आणि मराठवाड्याने त्याचा मोठा वाटा सोसला. ॲम्प्लिफायर बॅटरीवर आला. इथे जुन्या आयसींची खोड उघडी पडली. त्या जातीचं सर्किट पूर्ण आवाजात चाललं तरी तत्त्वतः ७८.५ टक्क्यांपलीकडे वीज कामी लावू शकत नाही, आणि घरात ऐकतो तेवढ्या हळू आवाजात निम्म्याहून जास्त वीज हीटसिंक तापवण्यातच जाते. १२ व्होल्ट, ७ ॲम्पिअर-तासांच्या बॅटरीत सगळी मिळून ८४ वॅट-तास वीज. त्यातली बरीचशी ॲल्युमिनियमच्या पट्टीला द्यायची, हे त्या काळात फार झोंबायचं.

उपाय जुनाच होता, फक्त गावापर्यंत पोचायचा होता. ब्रिटनमध्ये क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी १९६४ सालीच ‘एक्स-१०’ नावाचा असा ॲम्प्लिफायर किटमध्ये विकायला काढला होता. तत्त्व असं: आउटपुटचा ट्रान्झिस्टर अर्धवट उघडा ठेवायचा नाही. तो पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद, सेकंदाला लाखो वेळा. गाण्याच्या चढउताराप्रमाणे फक्त ‘चालू’ची वेळ कमी-जास्त करायची. शेवटी कॉइल आणि कंडेन्सर ही कापाकापी गाळून मूळ गाणं स्पीकरला देतात. ट्रान्झिस्टर मधल्या अवस्थेत रेंगाळत नाही, म्हणून तापत नाही. सिंक्लेअरचं गणित बरोबर होतं, पण तेव्हाचे ट्रान्झिस्टर तेवढे चपळ नव्हते. दहा वॅटचा दावा फसला आणि रेडिओत खरखर मात्र भरपूर झाली.

पुढे हे गणित प्रत्यक्षात जमवणाऱ्यांत एक भारतीय नाव ठळक आहे. आद्य त्रिपाठी यांनी कॅलिफोर्नियात काढलेल्या ट्रायपाथ कंपनीची टीए २०२० ही चिप जगातल्या क्रांतिकारी २५ चिपच्या यादीत २००९ साली आयईईई स्पेक्ट्रमने घेतली. कंपनी मात्र त्याआधीच, २००७ मध्ये, दिवाळखोरीत गेली होती. तिच्या मागून इतरांच्या स्वस्त चिपनी बाजार भरला.

आज याच तत्त्वावरच्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीपीए ३११६ चिपची पाटी, म्हणजे जोडलेला बोर्ड, काही शेकड्यांत, आणि ५ व्होल्टवर चालणारी ३-३ वॅटची पीएएम ८४०३ शंभराच्या आत मिळते. पुण्याच्या रोबूसारख्या दुकानातून मागवली की कुरिअर दारात. कोटीची चिठ्ठी संपली. टीपीए ३११६ नव्वद टक्क्यांहून जास्त वीज कामी लावते, त्यामुळे तीच बॅटरी जवळपास दुप्पट वेळ पुरते.

पण जुन्या हाताला ही पाटी फसवते. टीबीए ८१०च्या काळात स्पीकरची एक तार सरळ अर्थला जायची. दोन्ही स्पीकरची ती तार एकत्र केली तरी चालायचं. टीपीए ३११६च्या नेहमीच्या स्टीरिओ पाटीत प्रत्येक स्पीकरच्या दोन्ही तारा जिवंत असतात. एकही तार अर्थला किंवा दुसऱ्या स्पीकरच्या तारेला लावायची नाही, मग तीन तारांवर चालणारा हेडफोनचा जॅक तर दूरच. दुसरी अडचण रेडिओची. ही चिप ४०० किलोहर्ट्झला चालवली तर तिचे पडसाद ८०० आणि १२०० किलोहर्ट्झवर उठतात, म्हणजे थेट मीडियम वेव्हच्या पट्ट्यात. आकाशवाणीचं परभणी केंद्र याच पट्ट्यात ऐकत मोठ्या झालेल्या घरात जुना रेडिओ आणि नवी पाटी एका फळीवर ठेवून चालत नाही. स्पीकरच्या तारा आखूड ठेवायच्या, फेराइटच्या कड्यातून ओवून घ्यायच्या, पाटी पत्र्याच्या डब्यात बसवायची; खरखर बरीच उतरते.

एक गोष्ट मात्र खरोखर हरवली. जुन्या पीसीबीवर गाण्याची वाट बोटाने दाखवता यायची: इथून आत, या कंडेन्सरमधून, इथे मोठं होऊन बाहेर. नव्या पाटीवर सगळं आधीच मशीनने डकवलेलं. चिप उडाली की पाटीच बदलायची. म्हणून शिकायची इच्छा असणाऱ्याने पहिला ॲम्प्लिफायर आजही टीडीए २०३०चाच जोडावा. तो भाग अजून मिळतो, त्याला पायही पाचच. पाटी दुसऱ्या खेपेला.

दुसऱ्या खेपेचा खर्च तर आणखी उतरतो. बिघडलेल्या लॅपटॉपचा १९ व्होल्टचा चार्जर घरोघरी पडून असतो आणि टीपीए ३११६ला २६ व्होल्टपर्यंत चालतं. मीटर लावून आधी प्लस-मायनस बघायचं, चार्जरच्या पिनला जुळणारा सॉकेट पाटीला डाग देऊन बसवायचा, आणि माळ्यावरचा तो ६ इंची स्पीकर खाली काढायचा.