माल पकडला डीआरआयने. मग नोटीस कोण काढणार, खटला कोण भरणार?

न्हावा-शेवा बंदरात किंवा मुंबई विमानतळावर माल अडकला, की बातमीत ‘कस्टम्सची कारवाई’ एवढेच येते. पण ती कारवाई नेमक्या कोणत्या अधिकाऱ्याने करायची? या एका प्रश्नावर देशात तपाहून अधिक काळ कोर्टबाजी झाली. समजून घेऊ.

वाद कशावरून?

शुल्क कमी भरल्याचा संशय आला, की सीमाशुल्क कायदा, १९६२ च्या कलम २८ नुसार कारणे दाखवा नोटीस निघते. ती ‘प्रॉपर ऑफिसर’ने, म्हणजे ते काम सोपवलेल्या अधिकाऱ्याने काढायची असते. फेब्रुवारी २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबई कस्टम्सच्या प्रिव्हेंटिव्ह विभागाने काढलेली नोटीस याच मुद्द्यावर अवैध ठरवली. त्याच वर्षी संसदेने कायद्यात दुरुस्ती केली, पण वाद मिटला नाही.

कॅननचे प्रकरण काय?

मार्च २०१२ मध्ये दिल्लीत कस्टम्सने कॅननचे कॅमेरे शुल्कमाफीसह सोडले. सप्टेंबर २०१४ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने, म्हणजे डीआरआयने, चुकीची माहिती देऊन सवलत घेतल्याचा आरोप करत नोटीस काढली. ९ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. कायद्यात ‘द प्रॉपर ऑफिसर’ असे शब्द आहेत. मराठीत या ‘द’ला प्रतिशब्दच नाही, पण न्यायालयाने त्यावर बोट ठेवले: ‘द’ म्हणजे कोणीही नव्हे, तर ज्याने माल सोडला तोच अधिकारी किंवा त्याच्या जागी आलेला. या निकालाचा आधार घेत डीआरआयच्या इतर नोटिसांनाही आव्हान मिळाले.

मग चित्र कसे पालटले?

२०२२ च्या वित्त कायद्याने डीआरआयचे अधिकारी स्पष्टपणे कस्टम्स अधिकाऱ्यांत धरले आणि जुन्या नोटिसांनाही संरक्षण दिले. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील तीन सदस्यांच्या पीठाने सरकारची फेरविचार याचिका मान्य केली. डीआरआयला काम सोपवणारी २०११ ची अधिसूचना आधीच्या निकालात विचारात घेतलीच गेली नव्हती, असे पीठाने नमूद केले.

फौजदारी खटल्याचे काय?

तो मार्ग वेगळा आहे. नोटीस शुल्क आणि दंडासाठी असते, खटला तुरुंगवासासाठी. कलम १३५ खाली काही गुन्ह्यांत सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मात्र कलम १३७ नुसार कस्टम्सच्या प्रधान आयुक्ताची किंवा आयुक्ताची पूर्वमंजुरी नसेल, तर न्यायालय अशा गुन्ह्याची दखलच घेऊ शकत नाही. म्हणून आरोपीचा वकील आधी मंजुरीचा कागद तपासतो: सही कोणाची, तारीख कोणती, कागदपत्रे पाहून मंजुरी दिली की नुसता शिक्का मारला?

ही निव्वळ तांत्रिक बाब आहे का?

नाही. तपास करणाऱ्याला आपला संशय खरा वाटणारच, म्हणून खटल्याआधी वरिष्ठाची मंजुरी हवी. पण अधिकाराची विभागणी कायद्यात नीट लिहिली नसेल, तर फटका दोन्ही बाजूंना बसतो. शुल्क बुडवणारा मुद्द्यावर सुटू शकतो आणि प्रामाणिक आयातदार वर्षानुवर्षे टांगणीला लागतो. ‘नोटीस कोणाची’ हे ठरेपर्यंत ‘शुल्क खरेच बुडाले का’ हा मूळ प्रश्न मागेच पडतो.