नितळ पाणी, पण जिवंत काहीच नाही

ओढ्याचे पाणी नितळ असले, तळाचा दगड न् दगड दिसला, की आपण म्हणतो पाणी चांगले आहे. शेवाळ नाही, किडा नाही, मासा नाही, म्हणून ते आणखीच स्वच्छ वाटते. बंद पडलेल्या खाणीच्या खालच्या अंगाला मात्र हीच खूण धोक्याची असते. जिथे किडाही जगत नाही ते पाणी आपल्या माठात का यावे, हा प्रश्न आपण आधी विचारायला हवा.

खाण बंद झाली म्हणजे तिचा त्रास संपला असे होत नाही. तांबे, जस्त, शिसे आणि काही ठिकाणी कोळसा यांच्या खडकात गंधकयुक्त खनिजे असतात. जमिनीच्या पोटात ती शांत असतात. खोदून बाहेर टाकली आणि त्यांना हवा-पाणी लागले की गंधकाम्ल तयार होते. काही जिवाणू हे काम आणखी वेगाने घडवतात. हे आम्ल खडकातले तांबे, जस्त, कॅडमियम विरघळवून ओढ्यात आणते. मालक निघून जातो, कामगार पांगतात, ढिगारा मात्र दर पावसात झिरपत राहतो.

अमेरिकेतील व्हर्माँट राज्यातल्या एलिझाबेथ खाणीचे उदाहरण घेऊ. ती १८०९ ते १९५८ अशी सुमारे दीडशे वर्षे चालली. सुरुवातीला तिथे हिराकस तयार करत, पुढे तांबे काढू लागले. खाणीजवळच्या ओढ्याचे नावच ‘कॉपरस ब्रुक’, म्हणजे हिराकस ओढा. ढिगाऱ्यांतून झिरपलेले आम्लयुक्त, तांबेमिश्रित पाणी या ओढ्यातून ओम्पॉम्पनूसक नदीच्या पश्चिम शाखेत जाई. खाण बंद झाल्यावर ४३ वर्षांनी, २००१ मध्ये, सरकारने ही जागा ‘सुपरफंड’ या विषारी जागांच्या राष्ट्रीय यादीत घातली.

अशा जागेची तपासणी कशी करतात? नुसते पाणी बाटलीत भरून भागत नाही. बाटली फक्त त्या घटकेचे सांगते. किड्यांच्या अळ्या पाण्यात महिनोन् महिने राहतात, म्हणून त्या मागच्या दिवसांचीही साक्ष देतात. तपासणारे दोन जागा निवडतात: एक खाणीच्या वरच्या अंगाला, एक खालच्या. दोन्हीकडे तळाचे दगड पायाने हलवून वाहून आलेले किडे जाळीत धरतात, जातीनुसार वेगळे करतात आणि मोजतात. किडे एकूण किती, यापेक्षा जाती किती, हे जास्त महत्त्वाचे. मेफ्लाय या नाजूक किड्याच्या अळ्या धातूंपुढे लवकर हार मानतात. त्या वर भरपूर आणि खाली नाहीशा झाल्या असतील, तर दोष मधल्या जागेत शोधावा लागतो.

मासे सौम्य विजेने क्षणभर बधिर करून मोजतात व परत सोडतात. तांबे माशांच्या कल्ल्यांवर घाव घालते. तळाचा गाळही प्रयोगशाळेत नेतात आणि त्यात लहान जलचर जगतात का ते पाहतात. पाण्यातले किडे खाणारे पक्षी, काठचे बेडूक यांचीही नोंद होते. जुन्या बोगद्यांत वटवाघळे हिवाळा काढत असतील तर तोंड सरसकट बुजवत नाहीत. माणूस आत जाणार नाही पण वटवाघूळ ये-जा करील असे गज बसवतात.

एलिझाबेथ खाणीतले कचऱ्याचे ढीग आच्छादून टाकले, झिरपणाऱ्या पाण्यावर प्रक्रिया केली. नदीतले तांबे कमी झाले, किडे आणि मासे परतले. आज त्या आच्छादनावर सौर पॅनेल उभे आहेत. बिघडलेला प्रवाह सुधारू शकतो, पण खर्च आणि वर्षे दोन्ही लागतात.

हे दुखणे माशांपुरते राहत नाही. जपानमध्ये कामिओका खाणीतले कॅडमियम जिन्झू नदीत गेले, नदीचे पाणी भातशेतीत गेले आणि भात लोकांच्या पोटात. मूत्रपिंडे निकामी झाली, हाडे ठिसूळ झाली. सर्वाधिक भोगले ते उतारवयाच्या बायकांनी. या आजाराचे नावच ‘इताई-इताई’, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’. सरकारने त्याचे कारण मान्य केले ते १९६८ मध्ये.

आपल्याकडे विदर्भात कोळशाच्या आणि मँगनीजच्या खाणी आहेत, गोव्यात लोहखनिजाच्या. प्रत्येक खाणीतून आम्ल येतेच असे नाही. काही ठिकाणी ढिगाऱ्याची माती हाच मोठा त्रास असतो. तो गाळ दगडांच्या फटी बुजवतो, किड्यांची घरे आणि माशांची अंडी गाडतो. म्हणून अंदाजावर न जाता पाहणी करावी.

पावसाळा संपून पाणी उतरले की खाणीच्या वर आणि खाली, ओढ्यातले काही दगड उलटून पाहावेत, फोटो काढावेत आणि दगड होते तसे ठेवावेत. दगडांवर नारिंगी साय किंवा निळसर-हिरवा थर आहे का ते पाहावे. मासेमारी करणारे, गुरे राखणारे, ओढ्यावर धुणे धुणाऱ्या आयाबाया यांना विचारावे: खेकडे, बेडूक, मासे कधीपासून दिसेनासे झाले? हे सारे तारखेसह वहीत लिहावे.

एक गोष्ट घरोघरी सांगायलाच हवी. पाणी उकळल्याने जंतू मरतात, धातू जात नाहीत. उलट पाणी आटते आणि धातू तेवढेच राहतात. तुरटीवर किंवा फडक्याने गाळण्यावरही विसंबू नये. आणि किडे दिसले म्हणून पाणी पिण्याजोगे ठरत नाही. ते नाहीसे झाले, तर मात्र तपासणी टाळता कामा नये. जंतू तपासले म्हणजे धातू तपासले असे नव्हे. ग्रामपंचायतीकडे अर्ज देताना धातूंच्या तपासणीची मागणी स्पष्ट लिहावी, अर्जाची पोच घ्यावी आणि सोबत आपली वही जोडावी. निकाल येईपर्यंत ते पाणी लहान मुलांना आणि गरोदर बायकांना देऊ नये. खाणीच्या खड्ड्यातल्या पाण्यात मुलांना पोहायला तर मुळीच जाऊ देऊ नये.